जोडीदाराच्या निधनानंतरचे प्राप्तिकर विवरणपत्र : ठाणे व नवी मुंबईतील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातले माणूस गेल्यावर पहिले तेरा दिवस विधींत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांत निघून जातात. मग एक दिवस कपाटातली फाइल खाली काढली जाते, बँकेची पासबुके आणि ठेवीच्या पावत्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या जातात आणि प्रश्नांना सुरुवात होते. नौपाड्यातल्या माझ्या छोट्या कार्यालयात गेली अनेक वर्षे हे प्रश्न येत आहेत. ते विचारणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया असतात, कारण घरातले करांचे काम बहुधा पतीच पाहत असत. तथापि पत्नी गमावलेल्या पुरुषांनाही खालील उत्तरे जशीच्या तशी लागू पडतात. उदाहरणांतले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो. म्हणून येथे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक जुन्या कायद्याचे दिले आहेत.

माझे पती आता हयात नाहीत. तरीही त्यांचे विवरणपत्र भरावे लागते का?

त्या वर्षाच्या १ एप्रिलपासून निधनाच्या दिवसापर्यंत त्यांचे करपात्र उत्पन्न मूळ सवलत मर्यादेपेक्षा अधिक झाले असेल, तर होय. कलम १५९ नुसार ही जबाबदारी कायदेशीर वारसावर येते. नव्या कररचनेत २०२५-२६ साठी ही मर्यादा ४ लाख रुपये आहे. जुन्या रचनेत ती अडीच लाख असून ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी ३ लाख आणि ८० वर्षांवरील व्यक्तींसाठी ५ लाख रुपये आहे. माणूस वर्षाच्या मध्येच गेला म्हणून ही मर्यादा महिन्यांच्या प्रमाणात कमी होत नाही. एप्रिलमध्ये निधन झाले असले तरी ती पूर्ण मिळते.

उत्पन्न मर्यादेच्या आत असूनही बँकेने किंवा मालकाने कर कापला असेल, तर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही. ‘आता माणूसच गेला, कशाला त्या भानगडीत पडायचे’ असे म्हणून कित्येक कुटुंबे हक्काची रक्कम सोडून देतात, याचे मला वाईट वाटते.

त्यांचे आणि माझे उत्पन्न एकाच विवरणपत्रात दाखवता येईल का?

नाही. भारतात पतिपत्नींनी संयुक्त विवरणपत्र भरण्याची सोय नाही. त्यांचे विवरणपत्र त्यांच्या पॅनवर भरायचे, त्यावर सही वारस म्हणून आपली. आपले स्वतःचे विवरणपत्र आपल्या पॅनवर, वेगळे.

कोणते उत्पन्न त्यांचे धरायचे आणि कोणते माझे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. निधनाच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न त्यांचे आणि दुसऱ्या दिवसापासूनचे त्यांच्या मालमत्तेचे, म्हणजे पर्यायाने वारसांचे. ही रेघ नीट ओढली की पुढचा बराचसा गुंता सुटतो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, कळव्याचे एक निवृत्त गृहस्थ १४ नोव्हेंबर २०२५ रोजी वारले. त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा ५२,००० रुपये होते. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांचे ३,६४,००० रुपये आणि नोव्हेंबरच्या चौदा दिवसांचे २४,२६७ रुपये होतात. त्यांच्या एकट्याच्या नावावरील मुदत ठेवींचे वर्षाचे व्याज १,४६,००० रुपये, म्हणजे दिवसाला ४०० रुपये होते. १ एप्रिल ते १४ नोव्हेंबर हे २२८ दिवस होतात; म्हणून त्यांच्या वाट्याचे व्याज ९१,२०० रुपये. एकूण ४,७९,४६७ रुपयांतून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर ४,०४,४६७ रुपये उरतात. ही रक्कम ४ लाखांच्या वर असल्यामुळे विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. परंतु नव्या रचनेत ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावरील कर माफ करणारी कलम ८७अ ची सूट मिळत असल्याने कर मात्र शून्य येतो. कर शून्य आहे म्हणून विवरणपत्र नको, ही समजूत येथे चुकीची ठरते.

उरलेल्या १३७ दिवसांचे ५४,८०० रुपये व्याज वारसांचे. समजा, बँकेने संपूर्ण व्याजावर १४,६०० रुपये कर त्यांच्याच पॅनवर कापला आहे. यातील ९,१२० रुपयांचे श्रेय त्यांच्या विवरणपत्रात घ्यायचे. उरलेले ५,४८० रुपये ज्याच्या हातात ते व्याज करपात्र ठरते त्याचे; मात्र त्यासाठी बँकेकडे तसे निवेदन द्यावे लागते आणि ते श्रेय मिळवण्यात बराच वेळ जातो. म्हणूनच मृत्यूचा दाखला हाती येताच बँकेला कळवून पुढील कपात योग्य पॅनवर सुरू करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते.

मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला असेल, तर मालमत्तेची वाटणी होईपर्यंतच्या उत्पन्नाची आकारणी कलम १६८ नुसार त्या व्यवस्थापकाच्या हातात होते. मृत्युपत्र नसेल आणि कुटुंबाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू असेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि दिवंगतांची आई हे सर्व समान वाटेकरी असतात. सासूबाई हयात असतील तर त्यांचाही वाटा असतो, ही गोष्ट बऱ्याच घरांत कोणाच्या ध्यानात येत नाही.

वारस म्हणून नोंदणी कशी करायची?

प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर आपल्या स्वतःच्या पॅनने प्रवेश करावा. ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’ या विभागात ‘रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह’ हा पर्याय असतो. तेथे नवी विनंती तयार करून दिवंगत व्यक्तीचा वारस हा प्रकार निवडावा. त्यांचे पॅन, मृत्यूचा दाखला, आपले पॅन आणि वारस असल्याचा पुरावा, या कागदांच्या स्वच्छ प्रती जोडाव्या लागतात. विभागाने विनंती मंजूर केल्यावर त्यांच्या वतीने विवरणपत्र भरता येते, तसेच त्यांचे फॉर्म २६एएस (पॅनवर कापलेल्या कराचा तपशील) आणि एआयएस (वर्षभरातील आर्थिक व्यवहारांचे विवरण) पाहता येते. पडताळणी आपल्याच आधारवरील ओटीपीने करायची असते.

घरातल्या एकानेच ही नोंदणी करावी आणि ती कोण करणार हे आधी बसून ठरवावे. नोंदणी झाली म्हणजे मालमत्तेचा मालक तो एकटाच ठरला, असे होत नाही. ही जबाबदारी फक्त कराच्या कामापुरती असते. हे भावंडांना सुरुवातीलाच सांगितले, तर पुढची मनातली किल्मिषे टळतात.

वारस असल्याचा पुरावा म्हणून न्यायालयाचाच दाखला लागतो का?

नाही, आणि हे मुद्दाम ठळकपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण न्यायालयाच्या दाखल्याची वाट पाहत विवरणपत्राची मुदत घालवलेली अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत. खालीलपैकी कोणताही एक कागद विभागाला चालतो: न्यायालयाचा वारस दाखला, स्थानिक महसूल कार्यालयाने दिलेला वारस दाखला किंवा कुटुंबातील हयात सदस्यांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, केंद्र वा राज्य सरकारने दिलेले कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रमाणपत्र, किंवा बँकेने आपल्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी दिलेले पत्र, ज्यात निधनाच्या वेळी खात्याचा संयुक्त धारक अथवा नॉमिनी कोण होता हे नमूद केलेले असते.

खाजगी नोकरी केलेल्या माणसाच्या कुटुंबासाठी बँकेचे पत्र हा बहुधा सर्वांत जवळचा मार्ग असतो. शाखेत जाताना अर्जाचा मसुदा स्वतः लिहून न्यावा. खाते क्रमांक, दिवंगतांचे पूर्ण नाव, निधनाची तारीख आणि आपले नाते या चार गोष्टी पत्रात आल्याच पाहिजेत. शिक्का पुसट उमटला असेल तर तेथेच दुसरी प्रत मागावी. मंजुरी नाकारली जाण्याचे कारण कधी कधी इतके साधे असते.

मृत्यूचा दाखला आणि वारस दाखला आमच्या भागात कोठे मिळतो?

मृत्यूची नोंद जेथे निधन झाले तेथे होते, राहत्या पत्त्यावर नव्हे. ठाण्यातला रुग्ण मुलुंडच्या किंवा परळच्या रुग्णालयात वारला, तर दाखला बृहन्मुंबई महानगरपालिकेकडून घ्यावा लागतो. ठाणे शहरातील मृत्यू ठाणे महानगरपालिकेकडे आणि ऐरोली ते बेलापूर या पट्ट्यातील मृत्यू नवी मुंबई महानगरपालिकेकडे नोंदवला जातो. खारघर, कामोठे आणि कळंबोली येथील लोक पत्ता नवी मुंबईचा लिहीत असले, तरी ते पनवेल महानगरपालिकेत येतात. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या किमान आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात.

महसुली दाखल्याबाबतही हीच गल्लत होते. वाशी, नेरूळ, ऐरोली हा भाग ठाणे तालुक्यात मोडतो, तर खारघर रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात. त्यामुळे खारघरच्या बाईंनी ठाण्याच्या तहसील कार्यालयात रांग लावून उपयोग नाही. न्यायालयाचा वारस दाखला १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो; रोखे आणि येणी यांसाठीचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मात्र १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली वेगळे घ्यावे लागते. जाहीर नोटीस आणि सुनावणी यांत काही महिने सहज निघून जातात.

त्यांचा पासवर्ड मला ठाऊक आहे. त्यांच्याच लॉगिनमधून विवरणपत्र भरले तर काय बिघडते?

तसे करू नये. त्यातून दिवंगत व्यक्तीने स्वतः पडताळणी केल्यासारखे दिसते, आणि निधनानंतरच्या तारखेची अशी पडताळणी खरी असूच शकत नाही. पुढे परतावा अडकला किंवा नोटीस आली, तर ते विवरणपत्र कोणी भरले याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

मात्र त्यांचा मोबाइल क्रमांक घाईने बंद करू नये. माझे वडील गेले तेव्हा आम्ही भावंडांनी महिन्याभरातच त्यांचे सिम बंद केले. नंतर लक्षात आले, की आईच्या आधारला आणि तिच्या बचत खात्यालाही तोच क्रमांक जोडलेला होता. आई स्टुलावर बसून हातातल्या फोनकडे पाहत होती आणि ओटीपी एका अस्तित्वातच नसलेल्या क्रमांकावर जात होता. नंतर आधार केंद्रावर अंगठा देऊन नवा क्रमांक जोडून घ्यावा लागला आणि त्यात विवरणपत्राचे काम तीन आठवडे थांबले. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच विचारते: मावशी, तुमच्या आधारला नंबर कोणाचा आहे?

माझ्या पॅनवर माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे, आणि पासबुकावर तिसरेच काहीतरी. अडचण येईल का?

येण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे लग्नानंतर नाव, मधले नाव आणि आडनाव अशा तिन्ही ठिकाणी बदल होण्याची रीत असल्याने हा प्रश्न जुन्या पिढीतल्या बहुतेक स्त्रियांना भेडसावतो. वारस म्हणून नोंदणी करण्यापूर्वी पॅन आणि आधार या दोन कागदांवरचे नाव तरी एकसारखे करून घ्यावे. बँकेचे पत्र घेताना त्यात पॅनवरील नावच लिहिण्याची विनंती करावी. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत असेल तर ती जवळ ठेवावी. पॅन मुळीच नसेल, तर आधारला मोबाइल जोडलेला असल्यास प्राप्तिकर पोर्टलवर ई-पॅन विनामूल्य मिळते.

कुटुंब निवृत्तिवेतनावर कर लागतो का?

लागतो, पण ‘पगार’ या सदराखाली नव्हे, तर ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदराखाली. त्यामुळे पतीला निवृत्तिवेतनावर मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आपल्याला मिळत नाही. तिच्याऐवजी निवृत्तिवेतनाचा एक तृतीयांश भाग किंवा २५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी वजावट नव्या रचनेत मिळते. जुन्या रचनेत ही कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. वरच्या उदाहरणातील पत्नीला दरमहा ३१,२०० रुपये मिळू लागले असे धरले, तर १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात १,४१,४४० रुपये होतात आणि वजावटीनंतर १,१६,४४० रुपये करपात्र उत्पन्नात धरले जातात.

हे उत्पन्न पगारात मोडत नसल्याने त्यावर पगारासारखी करकपात होत नाही. म्हणून ६० वर्षांखालील आणि इतरही उत्पन्न असलेल्या स्त्रीने वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक येत असेल, तर आगाऊ कराचे हप्ते स्वतः भरावे. ६० वर्षे पूर्ण झालेल्या आणि धंद्याचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तींना आगाऊ कर भरावा लागत नाही.

मंजुरीला उशीर होऊन दोन-तीन वर्षांची थकबाकी एकदम आली, तर त्यामुळे त्या वर्षी वाढणाऱ्या करावर कलम ८९ चा दिलासा मागता येतो. त्यासाठी विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो. तो राहिला तर दिलासा नामंजूर होतो. युद्धजन्य कर्तव्य बजावताना वीरमरण आलेल्या सैनिकांच्या कुटुंबांचे निवृत्तिवेतन करमुक्त आहे.

विमा, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी अशा एकरकमी पैशांवर कर लागेल का?

बहुतेक रकमांवर नाही. आयुर्विम्याचा मृत्युदावा करमुक्त असतो. हप्ता कितीही मोठा असला तरी मृत्यूनंतर मिळालेल्या रकमेला हप्त्याच्या अटी लागत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेतून नॉमिनीला मिळणारी रक्कम, सरकारी कर्मचाऱ्याची मृत्यू-ग्रॅच्युइटी आणि खाजगी क्षेत्रात २० लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त आहे. नोकरीत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नीला मालकाने सानुग्रह म्हणून दिलेली एकरकमी मदत उत्पन्न धरली जात नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९० च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवरही कर नाही. आपल्याकडचा संपदा शुल्क कायदा १९८५ मध्येच रद्द झाला.

कर लागतो तो पुढे, या पैशांची ठेव केली आणि तिच्यावर व्याज सुरू झाले की. चाळीस लाखांचा विमा आला, तो बँकेत ठेवला आणि वर्षाअखेर व्याजाचा आकडा पाहून घाबरलेल्या बायका माझ्याकडे येतात. करमुक्त आहे ती मूळ रक्कम, व्याज नव्हे.

निधनानंतरही दोन महिने त्यांचे निवृत्तिवेतन खात्यात जमा होत राहिले. ते कोणाच्या उत्पन्नात धरायचे?

कोणाच्याच नाही, ते परत करावे लागते. जादा जमा झालेली रक्कम बँक वसूल करते, म्हणून ती खर्च न करता खात्यात ठेवावी आणि कोषागाराला किंवा निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवावे. फॉर्म १६ मध्ये ती मिसळून आली असेल, तर दुरुस्त फॉर्म मागावा.

ठेव आम्हा दोघांच्या नावावर होती. व्याज कोणाचे?

ज्याच्या पैशांतून ठेव झाली त्याचे. पावतीवर पहिले नाव कोणाचे आहे हा मुद्दा दुय्यम असतो. पतीने स्वतःच्या पैशांतून पत्नीच्या नावावर ठेव केली असेल, तर ते हयात असेपर्यंतचे व्याज कलम ६४ नुसार त्यांच्या उत्पन्नात मिळवले जाते. निधनाच्या दिवशी हे मिळवणे थांबते आणि पुढचे व्याज पत्नीचे स्वतःचे होते. बँकेने व्याजावर कर कापू नये म्हणून पतीच्या नावाने दिलेला फॉर्म १५एच निधनानंतर निरुपयोगी ठरतो. पत्नीचा कर शून्य येणार असेल, तर तिने आपल्या नावाने नवा द्यावा. वय ६० पेक्षा कमी असल्यास तो फॉर्म १५जी असतो.

परतावा येणार आहे. त्यांचे खाते बंद करू का?

परतावा हाती येईपर्यंत शक्य असल्यास थांबावे. खाते बंद केल्यामुळे परतावा माघारी गेला, तर वारस म्हणून पोर्टलवरून तो पुन्हा पाठवण्याची विनंती करता येते, पण त्यात महिने जातात. दिवंगतांच्या नावे येणाऱ्या रकमा जमा करण्यासाठी ‘दिवंगत अमुक यांची संपदा’ अशा नावाचे खाते ठेवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. शाखेतल्या खिडकीवर ही माहिती नसेल, तर व्यवस्थापकांना भेटून लेखी अर्ज द्यावा.

शेवटच्या आजारपणाचा खर्च वजा करता येतो का?

जुन्या कररचनेत. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे यांसारख्या ठरावीक आजारांसाठी कलम ८०डीडीबी खाली ४०,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाख रुपयांपर्यंत वजावट आहे. विम्यातून मिळालेली भरपाई तीतून कमी होते आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन लागते. जुनी रचना हवी असल्यास, धंद्याचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत, मूळ मुदतीतच विवरणपत्र भरावे लागते. उशीर झाला की नवी रचनाच लागू होते. म्हणून दोन्ही रचनांचा हिशेब मांडून पाहावा. मात्र बारा लाखांच्या आतील उत्पन्नाला नव्या रचनेत बहुधा करच येत नसल्याने बहुतेक कुटुंबांना आता रुग्णालयाची बिले शोधत बसण्याची गरज उरलेली नाही. शेअर किंवा फंड विकून झालेल्या भांडवली नफ्याला मात्र कलम ८७अ ची ती सूट लागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मुदत कोणती? ती टळली तर?

नोकरदार आणि निवृत्तिवेतनधारकांसाठी सर्वसाधारण मुदत ३१ जुलै असते. निधन झाले म्हणून ती आपोआप वाढत नाही. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. विलंब शुल्क ५,००० रुपये आहे आणि एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये.

निधन मे किंवा जूनमध्ये झाले असेल, तर बहुधा दोन विवरणपत्रे राहिलेली असतात: आदल्या संपूर्ण वर्षाचे आणि चालू वर्षातील निधनापर्यंतच्या दिवसांचे. पहिले हटकून विसरले जाते.

डिसेंबरही टळला तर कर भरायचा असल्यास अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे, पण त्यातून परतावा मागता येत नाही. परताव्यासाठी कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करावा लागतो. त्याला आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा आहे. जोडीदाराचे निधन हे उशिराचे खरेखुरे कारण आहे. ते तारखांसह, साध्या शब्दांत लिहावे आणि दाखला जोडावा.

त्यांच्या नावाने नोटीस आली आहे. त्यांची थकबाकी मला माझ्या पैशांतून भरावी लागेल का?

नोटीस पाहून घाबरू नये, पण ती बाजूलाही ठेवू नये. मृत व्यक्तीच्या नावे काढलेल्या नोटिसा मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरवल्या आहेत. तरीही न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा निधनाची माहिती आणि वारसाचे नाव अधिकाऱ्यांना लगेच लेखी कळवणे केव्हाही सोपे. त्यांच्या पॅनचे आकारणी अधिकारी कोण, हे पोर्टलवर पाहता येते.

वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित असते. पत्नीचे स्वतःचे दागिने किंवा तिच्या पगारातून साठवलेले पैसे पतीच्या करासाठी घेता येत नाहीत. मात्र कर थकलेला असताना वारसाने मिळालेली मालमत्ता विकली किंवा दुसऱ्याला देऊन टाकली, तर तेवढ्या किमतीपुरती वैयक्तिक जबाबदारी येते. म्हणून पोर्टलवर कराची जुनी मागणी प्रलंबित आहे का हे पाहिल्याशिवाय खाती रिकामी करू नयेत. भावनेच्या भरात मुलांना पैसे वाटून टाकणाऱ्या आयांना मी नेहमी थोडे थांबायला सांगते.

वाशीतले घर आणि काही शेअर त्यांच्या नावावर होते. ते विकल्यास कर कसा मोजतात?

घर वारसाच्या नावावर होणे हे करपात्र हस्तांतरण नाही. पुढे विक्री झाली, की खरेदी किंमत पतीची धरली जाते आणि त्यांनी घर बाळगल्याचा काळही आपल्या काळात मिळवला जातो. सिडकोकडून १९८८ साली घेतलेल्या घराच्या बाबतीत मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य धरता येते. ते त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा अधिक असू शकत नाही. यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा. वारस अनेक असतील, तर नफा प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे त्याच्या विवरणपत्रात जातो. शेअर ३१ जानेवारी २०१८ पूर्वीचे असतील, तर खरेदी किंमत ठरवताना त्या दिवसाचा भावही पाहावा लागतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे, आणि गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते. सोसायटीच्या भागपत्रावर आपले नाव चढले म्हणजे मुलांचा वाटा संपला, असे समजून विक्रीचा सगळा नफा आपल्या विवरणपत्रात दाखवू नये.

पतीचा पुढे ओढलेला भांडवली तोटा मात्र त्यांच्याबरोबरच संपतो. तो वारसाच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

मुलगा परदेशात आहे. तो वारस म्हणून नोंदणी करू शकतो का?

त्याच्याकडे पॅन असेल आणि आधार किंवा अन्य मार्गाने त्याला पडताळणी करता येत असेल, तर करू शकतो. तरीही आई येथे असेल तर नोंदणी तिच्याच नावाने करावी आणि मुलाने दुरून मदत करावी, असे मला वाटते. बँकेत, तहसीलात आणि महापालिकेत प्रत्यक्ष तिलाच उभे राहावे लागते. कागदावर नाव एकाचे आणि धावपळ दुसऱ्याची, असे झाले की प्रत्येक खिडकीवर खुलासा देत बसावे लागते.

त्यांचे पॅन केव्हा परत करायचे?

सगळ्यांत शेवटी. सर्व विवरणपत्रे भरून झाली, परतावा आला, डिमॅटमधील शेअर वारसाच्या नावावर झाले आणि कोणतीही मागणी प्रलंबित नाही याची खात्री पटली, की आकारणी अधिकाऱ्यांना मृत्यूच्या दाखल्याची व पॅनची प्रत जोडून पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पॅन कार्डाची मूळ प्रत, भरलेल्या विवरणपत्रांच्या पावत्या आणि ती पोच एकाच फाइलमध्ये ठेवावी. जुने वर्ष पुन्हा उघडण्याची मुदत मोठ्या रकमांच्या बाबतीत आकारणी वर्ष संपल्यापासून सव्वापाच वर्षांपर्यंत असते; तोवर ती फाइल रद्दीत जाऊ देऊ नये, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातल्या आणखी एकाला तरी सांगून ठेवावे.